शिकवलेली हाक

सावद्याकडे केळीचे ट्रक भरून गेले त्या सकाळी
डीपीखाली पडली होती त्याची आई.
वायरमन डिगंबर बोंडेनं आधी लाइन बंद केली,
मग बांबूनं उलटवली तिला,
तर पोटाशी हा, काळा, मूठभर,
थंड छातीचं दूध ओढत.

साहेबांनी नोंदवहीत लिहिलं: वानर, नर, अंदाजे तीन आठवडे.
नाव ठेवायचं नाही असा नियम.
मी ठेवलं नाही. नुसतं ‘ए’ म्हणायची.
तो ‘ए’ला ओ देऊ लागला.

शेळीचं दूध, निम्मं पाणी, ड्रॉपरनं, दर दोन तासांनी.
जुन्या स्वेटरची एक बाही भुसा भरून दिली,
तिला धरून झोपायचा.
सकाळी सोडवताना बोटं एकेक उकलायची,
खाटेवरचा अर्धओला पापड कडेनं सोडवतात
तशी.

अंजनाचा पाला खायला मीच शिकवला.
आधी चावून दाखवला, तुरट, जीभ धरणारा.
तोंड वाकडं केलं नाही.

पण ती हाक कोण शिकवणार?
कळपातली पोरं ती आयांच्या अंगावरच ऐकतात:
सागाखालून ठिपके सरकले की
वरच्या फांदीवरून पडणारी खरखरीत हाक,
आणि क्षणात सगळे शेंड्याला.

चौकीदार सुपडू रात्री जेवायला गेला
की मी जाळीपाशी उकिडवी बसायची.
चुलीच्या धुरानं घासलेला गळा माझा.
खॉक्. खॉक्.
तो तोंडाकडे बघायचा,
मग बोट घालून माझे दात मोजायचा.
सुपडूनं एकदा ऐकलं. म्हणे,
‘खोकला वाढला जैतूनबाई, दवाखान्यात दाखव.’

दोनदा नेला सुकी नदीकाठच्या कळपात.
पहिल्यांदा हुप्प्यानं कान फाडला.
दुसऱ्यांदा कुणी हातही लावला नाही,
ते जास्त लागलं त्याला. माझ्या पायाशी येऊन बसला.
कागदावर आलं: सोडण्यास अपात्र.
खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

बारा उन्हाळे.
मे महिन्यात ओलं गोणपाट जाळीवर टाकायची,
तो खालून ठिबकणारं पाणी चाटायचा.
आश्रमशाळेची पोरं आली की पाठ करून बसायचा.
कडी उघडायला शिकला. बाहेर यायचा,
माझ्या हातून झाडू घ्यायचा, दोन हात मारायचा,
आणि आत जाऊन
आतून कडी लावायचा.
सगळे हसायचे. मीही हसले,
पहिल्यांदा.

तेराव्या वर्षी पाला सोडला.
डॉक्टर बऱ्हाटे म्हणाले, मूत्रपिंडं.
आणखी काही म्हणाले नाहीत, बॅग आवरताना
त्याच्या फाटक्या कानाला हात लावून गेले.

त्या रात्री त्याचं डोकं माझ्या मांडीवर.
वजन उरलं नव्हतं, केस मात्र जड.
एकाएकी मान उचलली
आणि टाकली:
खॉक्.

माझ्याच आवाजात.
शेवटाला घसा जिथं अडकतो माझा,
तिथंच अडकून.

मी बॅटरी घेऊन भिंतीभोवती फिरले.
काही नव्हतं. कुत्री झोपलेली.
टाकीचा नळ गळत होता.
परत आले तर तो बघत होता माझ्याकडे,
मी सांगितलं ना,
तू अजून खालीच कशी, असं.

मग मी लुगडं आवरलं,
पिंजऱ्यातल्या फळीवर चढले, पाय वर घेतले.
जमिनीपासून दीड हात असेल.
त्यालाही वर ओढून घेतलं.
तेव्हा कुठं मान टाकली त्यानं.

सकाळी सुपडू आला.
मला तशी वर बसलेली बघितली,
मांडीवर तो, माझ्या बाहीत त्याची बोटं.
काही विचारलं नाही.
जाऊन टाकीचा नळ घट्ट केला.